पुडीचा फेस आणि बादलीभर पाणी

वर्षावासातला रविवार होता. विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालले होते. आमच्या पुढच्या सतरंजीवर एक आई आणि तिची अकरा-बारा वर्षांची मुलगी बसली होती. मुलगी नुकतीच न्हालेली, केस अजून ओलसर आणि शाम्पूचा घमघमाट सुटलेला. तरीही दर दोन-चार मिनिटांनी तिचा हात डोक्यात जाई आणि आई तो खाली ओढी. वाचन संपले तशी आईच म्हणाली, “काय करावं ताई, आत्ता डोक्यावरून न्हाऊ घालून आणलंय. आख्खी पुडी लावली. तरी हिचं खाजवणं काही थांबत नाही.”

भोवतीच्या भगिनींनी लगेच सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणाले उवा, कुणी म्हणाले उष्णता, कुणी म्हणाले कोंडा, पुडी बदल. एक म्हाताऱ्या बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “केसांत गुंता दिसतोय. दुसरं काही नाही ना?” हे ‘दुसरं’ म्हणजे काय ते बसलेल्या प्रत्येकीला कळले. कोणी बोलले नाही. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आम्ही त्या आईला एवढेच विचारले, “न्हायला पाणी किती घेतलं होतंस?”

“अर्धी बादली असंल. काल नळ आलाच नाही.”

हा प्रश्न आमच्या डोक्यातून निघालेला नाही. तो आम्हाला एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारला होता. आमची मुलगी दहावीला असताना तिचे डोके असेच खाजू लागले. आम्ही पुडी बदलली, मग पुन्हा बदलली. कोंड्याची महागडी बाटली आणली, लिंबू चोळले, कडुनिंबाचा पाला उकळून घातला, आठवड्यात दोनदाचे न्हाणे चारदा केले. कानामागे चिरा पडल्या आणि मानेवर लाल पुरळ उठले. शेवटी सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला. डॉक्टरीणबाईंनी केस बाजूला करून पाहिले, कानामागे पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच. मुलगी म्हणाली, “तीन-चार तांबे.” बाई म्हणाल्या, “पुडी सगळी आणि पाणी चार तांबे? मग शाम्पू गेला कुठे? डोक्यातच आहे तो.” चिरांपुरते एक मलम दिले, शाम्पू निम्म्यावर आणायला आणि पाणी दुप्पट करायला सांगितले. दोन-तीन आठवड्यांत मुलीचे डोके शांत झाले. इतका खर्च करून आम्ही तिच्या डोक्यात काय भरत होतो, ते तेव्हा कळले.

शाम्पू हा शब्द परका वाटतो, पण तो आपल्याच देशातून तिकडे गेलेला आहे. चांपणे, म्हणजे दाबणे, रगडणे. चंपी हा शब्द त्यातलाच. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडातल्या ब्रायटन गावी वाफेचे स्नान आणि अंग रगडण्याचा धंदा काढला, तो तिथल्या राजापर्यंत पोचला, आणि तो शब्द इंग्रजीत रुजला. पुढे रगडणे मागे पडले आणि केस धुण्याच्या पातळ साबणासारख्या द्रवाला ते नाव राहिले. तो आपल्या वस्तीत आला तो पुडीतून. पूर्वी शाम्पूची बाटली म्हणजे बंगल्यातल्या बायकांची वस्तू. तामिळनाडूतल्या कडलूरचे चिनीकृष्णन यांनी पुडीची कल्पना रुजवली आणि त्यांचे चिरंजीव रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शाम्पू काढून ती गावोगाव नेली. एक-दोन रुपयांत मोलकरणीच्या मुलीलाही शाम्पू मिळू लागला, याला आम्ही वाईट म्हणणार नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला बाटली परवडत नाही, पुडी परवडते. पण पुडीबरोबर पाणी कोणी दिले नाही. बंगल्यातल्या बाईच्या डोक्यावर फवारा आहे, ती पाच-दहा मिनिटे त्याखाली उभी राहते. आपण मोरीत उकिडवे बसून तांब्या मोजतो. वस्तू तीच, पण पाणी तितके नाही. आजाराचे मूळ इथे आहे.

आता शाम्पू करतो काय ते पाहू. त्यातल्या फेस करणाऱ्या द्रव्याचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. केसातले तेल, घाम, धूळ त्याला चिकटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. पण वाहून नेणारे पाणीच कमी पडले, तर ते द्रव्य डोक्याच्या कातडीवर बसून राहते. कातडीला स्वतःचेही तेल असते. भिंतीला गिलावा असावा तसे ते कातडीचे पापुद्रे बांधून ठेवते. राहिलेला शाम्पू हे तेलही सोडवत राहतो. कातडी कोरडी पडते, तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि त्यांत घाम गेला की चुणचुण होते. मग नखे लागतात, आणि नखांनी पडलेल्या ओरखड्यांत जंतू जातात.

यात गंमत अशी, की कोरड्या कातडीचा पांढरा भुसा खांद्यावर पडतो, तो पाहून आपण म्हणतो कोंडा झाला, आणि आणखी शाम्पू लावतो. भुसा वाढतो. पुन्हा शाम्पू. आमच्या घरात हेच चक्र दोन महिने फिरत होते.

शाम्पू सर्वांत जास्त कुठे राहतो? कानामागे, मानेवर केस सुरू होतात तिथे, आणि दाट केस असलेल्या मुलींच्या डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. पाणी आपण टाळूवर ओततो, ते वरच्या केसांवरून घसरून जाते, आत शिरतच नाही. मुलगी घाईत असेल तर वेणीची गाठसुद्धा नीट न सोडता वरून पाणी घेते. शाळेची घंटा आणि नळाची वेळ एकच असली म्हणजे असे होणारच.

बोअरवेलच्या जड पाण्याचा प्रश्न आणखी निराळा आहे. त्यात चुन्याच्या जातीचे क्षार असतात. त्या पाण्यात अंगाचा साबण किंवा कपड्याची वडी डोक्याला लावली, तर क्षार आणि साबण मिळून एक चिकट पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बोट फिरवले की जो हाताला लागतो, तोच केसांच्या मुळाशी बसतो. शाम्पूने तसा साका फारसा होत नाही, म्हणून जड पाण्यात साबणापेक्षा शाम्पू बरा. कपड्याची वडी आणि सोडा तर डोक्याला कधीच लावू नये. ‘फेस चांगला येतो’ म्हणून कित्येक घरांत लावतात, आणि लहान मुलांनाही लावतात, हे पाहून आम्हाला फार वाईट वाटते.

शिकेकाई-रिठ्याबद्दलही भाबडेपणा नको. झाडाचे आहे म्हणून निर्धोक, असे नसते. रिठ्याच्या फेसातही तेल सोडवणारे द्रव्यच असते, डोळ्यांत गेले तर शाम्पूपेक्षा जास्त झोंबते. शिकेकाईची भरड पूड केसांत अडकून राहते, ती काढायला पाणी अधिकच लागते. ज्यांना सोसते त्यांनी खुशाल वापरावी. मात्र पूड उकळून, गाळून घ्यावी.

कातडीच्या रोगात अंघोळीच्या चूर्णाला स्थान आहे, हे आपल्या परंपरेतही नोंदलेले आहे. आनंदांचे उपाध्याय स्थविर बेलट्ठसीस यांना खरजेचा मोठा आजार झाला होता. अंगातून लस वाहून चीवर कातडीला चिकटे, आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून भिजवून अलगद सोडवीत. भगवंतांनी हे पाहिले. तेव्हा खाज, फोड, वाहत्या जखमा असलेल्या भिक्खूंना चूर्ण वापरण्याची त्यांनी अनुज्ञा दिली, असे विनयपिटकात महावग्गात आहे. म्हणजे अंघोळीला काय लावावे हा विचार आजार पाहून करायचा, असा दृष्टिकोन तेव्हाही होता. आजार हा आजार म्हणून पाहिला गेला, शाप किंवा पापाचे फळ म्हणून नव्हे.

मग एका बादलीत न्हायचे कसे? आम्ही आमच्या घरी बसवलेली पद्धत सांगतो. बादली पंधरा लिटरची धरली आहे.

प्रथम कोरडे केस विंचरून घ्यावेत. गुंता आधी काढला की पाणी आत शिरते आणि निम्मे काम होते. मग तीन तांबे पाण्याने केस मुळापर्यंत भिजवावेत, टाळूवर न ओतता मान वाकवून, मागून पुढे. पुडी थेट डोक्यावर फोडू नये. लहान मुलीला पाव पुडी आणि लांब केसांच्या बाईला अर्धी पुडी पुष्कळ झाली. ती तांब्याभर पाण्यात कालवावी आणि ते पाणी थोडे थोडे मुळांशी घालून बोटांच्या पेरांनी चोळावे, नखांनी नव्हे. घट्ट शाम्पू एकाच जागी पडला की तिथला निघत नाही, पातळ केलेला सगळीकडे सारखा पोचतो. मात्र कालवलेले तेव्हाच संपवावे, बाटलीत भरून उद्यासाठी ठेवले तर त्यात जंतू वाढतात. फेस कमी आला म्हणून घाबरू नये. तेलकट डोक्यावर फेस कमीच येतो, आणि फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. जाहिरातीतल्या बाईच्या डोक्यावर फेसाचा डोंगर असतो, त्याने आपली फार दिशाभूल केली आहे.

उरलेले दहा-अकरा लिटर पाणी केवळ धुण्यासाठी. धार बारीक धरावी, दुसऱ्या हाताने केसांचे भांग पाडत जावे, म्हणजे प्रत्येक भांगात पाणी पडेल. कानामागे आणि मानेवर बोट फिरवून पाहावे. बुळबुळ लागली तर शाम्पू आहे असे समजावे. हल्ली काही शाम्पूंत केस मऊ राहण्यासाठी मुद्दाम मागे राहणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे केस गुळगुळीत लागतीलच. अशा वेळी शेवटच्या तांब्याचे पाणी खाली वाडग्यात धरावे, बाटलीत घालून हलवावे. वर फेसाचा थर टिकला, तर आणखी दोन तांबे हवेत. आमच्या मुलीला हा प्रयोग इतका आवडला, की ती शेजारच्या मुलींची बाटली हलवून द्यायला जाऊ लागली. बोअरचे पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचे राखून ठेवावेत. आणि हे धुतलेले पाणी टाकू नये, मोरी आणि संडास धुवायला ते चालते.

पाणी अर्धी बादलीच असेल तर? तर त्या दिवशी शाम्पू लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसत्या पाण्याने डोके धुवावे, घाम जातो. किंवा न्हाणे दोन दिवस पुढे ढकलावे. अर्ध्या बादलीत अख्खी पुडी ही स्वच्छता नाही.

तेलाविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत, कारण आपल्याकडे डोके खाजले की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. कोरड्या केसांना थोडे खोबरेल बरे. पण चिकट, पिवळसर खवल्यांचा खरा कोंडा असेल, तर तो वाढवणाऱ्या बुरशीला तेलच पोसते. तिथे तेल लावणे म्हणजे तिला जेवण वाढणे. शिवाय जितके तेल थापावे तितका शाम्पू जास्त लागतो, आणि जितका शाम्पू जास्त तितके पाणी.

प्रत्येक खाज शाम्पूची असते असे कृपा करून समजू नये. शाम्पू राहिल्याची खाज बहुधा न्हाल्यानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी वाढते आणि भुसा कोरडा, बारीक असतो. उवांची खाज कानामागे आणि मानेवर, रात्री अधिक. फणी फिरवून पांढऱ्या फडक्यावर झटकली की उवा दिसतात. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानात वेगळे औषध मिळते. रॉकेल किंवा ढेकणाचे औषध डोक्याला मुळीच चोळू नये, त्याने कातडी भाजते आणि जिवावरही बेतते. मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस तुटू लागले, तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. त्याला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात, वरच्या मलमाने भागत नाही. आणि काही जणांना शाम्पूतल्या सुगंधाचे किंवा तो टिकावा म्हणून घातलेल्या द्रव्याचेच वावडे असते. अशांच्या डोक्यापेक्षा कपाळाच्या कडेला, पापण्यांवर, कानांवर, मानेवर, म्हणजे जिकडून फेस ओघळतो तिकडे पुरळ येते. त्यांनी कितीही पाणी ओतले तरी उपयोग थोडा, ती वस्तूच सोडावी लागते. रिकामी पुडी फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी. पू, ताप, मानेत गाठी, किंवा तीन-चार आठवड्यांत उतार नसेल, तर सरकारी दवाखान्याच्या त्वचाविभागात जावे, घरगुती उपायांत महिने घालवू नयेत.

हे सगळे वाचून एखादी भगिनी म्हणेल, पंधरा लिटर एकट्या पोरीच्या डोक्यावर घालू, मग स्वयंपाकाला काय? तिचे म्हणणे खरे आहे, आणि आमच्याजवळ त्याला सोपे उत्तर नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या तळ्यावरील आपला हक्क मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला. एका तळ्यासाठी दहा वर्षे. त्या आधीच्या आपल्या आज्या-पणज्यांना पाणी वरून वाढले जाई, त्यांनी काळ्या मातीने डोकी धुतली ती किती पाण्यात, याचा विचार करावा. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी जमलेल्या हजारो स्त्रियांना स्वच्छ राहण्यास सांगितले. त्या ऐकणाऱ्या बायकांच्या दारात नळ नव्हते, तरी त्यांनी ते मनावर घेतले. आज नळ आहे, पण पाणी दोन दिवसांआड. म्हणून वस्तीच्या कमिटीपुढे, नगरसेवकापुढे पाण्याची गोष्ट काढताना केवळ पिण्याच्या पाण्याची काढू नये. न्हाण्याचे पाणी ही चैन नाही. आणि घरातल्या पुरुषांना एक सांगणे: न्हाण्याच्या दिवशीची जादा बादली भरून आणण्याची पाळी तुमची. तुमचे केस दोन तांब्यांत धुतले जातात, तिचे नाही.

आता त्या म्हाताऱ्या बाईंच्या ‘दुसऱ्या’ गोष्टीकडे येतो. जट.

लांब केस डोक्यावर गोळा करून, भरपूर फेस करून, कपडे चोळावेत तसे चोळले, तर केसांवरचे अतिबारीक खवले एकमेकांत अडकतात. घोंगडे गरम पाण्यात चोळून धुतले की लोकर आवळून घट्ट होते, तसाच हा प्रकार. एका न्हाण्यात केसांचा असा गोळा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. त्यात न निघालेला शाम्पू आणि तेल मिळून चिकटपणा आला, डोके दुखते म्हणून मुलीने आठ-दहा दिवस फणी लावू दिली नाही, की गुंत्याची जट बनते. यात देवीचा काडीचाही संबंध नाही. पण अशाच गुंत्याला यल्लम्माचे बोलावणे ठरवून किती मुली देवाला सोडल्या गेल्या, आणि त्यांत बहुसंख्य आपल्याच दलित जातींच्या होत्या, हे आपण विसरू शकत नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांना ते जिणे सोडून देण्यास सांगितले. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्रात पुन्हा २००५ मध्ये झाला. आपण तर १९५६ मध्ये धम्मदीक्षाच घेतली. तरीही एका विहारात, बुद्धरूपापुढे, गुंता पाहून एका बाईचा आवाज खाली गेला. त्यांना आम्ही दोष देत नाही, त्यांनी लहानपणी काय पाहिले असेल ते त्यांनाच ठाऊक.

त्या मुलीला आम्ही तिथेच विहाराच्या ओट्यावर बसवले. गुंता सुपारीएवढाच होता. थोडे खोबरेल लावून, टोकाकडून मुळाकडे येत, बोटांनी आणि रुंद दातांच्या फणीने पाऊण तासात तो सुटला. दोन ठिकाणी सुटेना, तिथे त्या म्हाताऱ्या बाईंनीच पिशवीतली कात्री काढून दिली. मोठी, जुनी जट असेल तर पुष्कळदा ती कापावीच लागते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षे करीत आहेत, ज्यांच्या घरात कोणाचा हात धजत नाही त्यांनी त्यांना बोलवावे. कापताना कातडीला ओढ बसू नये म्हणून मुळाशी दोन बोटे धरावीत, जटेखालची कातडी ओली किंवा फोडांची असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावी, आणि नंतरचे पहिले न्हाणे शाम्पूशिवाय, नुसत्या कोमट पाण्याने करावे.